नवा मका, नवी बाजरी आणि लाव्यांच्या खाद्यातील विकरे

खरिपाचा मका आणि बाजरी बाजारात येऊ लागली, की जपानी लावा हे पक्षी पाळणारे आणि घरीच खाद्य बनवणारे पालक या नव्या धान्याकडे वळतात आणि त्याच सुमारास खाद्यात विकरे, म्हणजे दुकानात ज्यांना एन्झाइम म्हणतात ती, घालावीत का, अशी विचारणा सुरू होते. विकरे जरूर घालावीत; मात्र आपल्या खाद्यात कोणता कच्चा माल किती आहे, हे पाहिल्याशिवाय घेतलेल्या पुडीचा खर्च सहसा भरून निघत नाही.

सात-आठ ग्रॅमचे लाव्याचे पिल्लू पाच आठवड्यांत 180 ते 200 ग्रॅमचे होते आणि मादी सहाव्या-सातव्या आठवड्यापासून अंडी देऊ लागते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या पक्ष्याच्या खाद्यात सोयाबीन पेंड भरपूर लागते. ही पेंड, मका आणि विशेषतः भाताचा कोंडा यांतील स्फुरदाचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटेट या संयुगाच्या रूपात बांधलेला असतो आणि तो पचवण्याची पक्ष्याची स्वतःची क्षमता फार तोकडी असल्याने त्यातला बराचसा विष्ठेतून निघून जातो. फायटेज हे विकर तो मोकळा करते. एक टन खाद्याला पाच लाख युनिट, म्हणजे ग्रॅमला 5000 युनिट असलेली पावडर 100 ग्रॅम, हे रूढ प्रमाण आहे. एवढ्या फायटेजवर टनामागे तीन-साडेतीन किलो डीसीपी (खाद्यात स्फुरदासाठी घातले जाणारे डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी करता येते आणि खरी बचत तिथेच होते. डीसीपी पूर्वीइतकेच ठेवून वरून फायटेज टाकल्यास लाभाचा मोठा भाग हातचा जातो. डीसीपीबरोबर कॅल्शियमही कमी होते, म्हणून अंड्यावरील माद्यांच्या खाद्यात सुमारे दोन किलो चुनखडी वाढवावी, त्याहून अधिक नको, कारण जादा कॅल्शियम फायटेजच्या कामात अडथळा आणते.

बाजरी, गहू किंवा कोंडा जास्त असेल, तर झायलानेज या तंतुमय पदार्थ फोडणाऱ्या विकराचाही विचार करावा. गव्हातील विद्राव्य तंतुमय पदार्थांमुळे आतड्यातील खाद्य चिकट होते आणि नव्या गव्हात हा दोष अधिक जाणवतो. सकाळी पिंजऱ्याखालचा ट्रे ओढून पाहावा: विष्ठा पसरट, ओलसर व ट्रेला चिकटलेली असेल, पिल्लांच्या गुदद्वाराजवळची पिसे लडबडलेली असतील, तर खाद्य नीट पचत नसल्याची शक्यता आहे, पाणी सांडणे किंवा आजार हीही कारणे असू शकतात, तीही तपासावीत. चांगला मका आणि चांगली सोया पेंड एवढ्यावरच खाद्य असेल, तर झायलानेजचा फरक थोडाच दिसेल, आणि अशा वेळी तो खर्च टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नव्या मक्याच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ओलसर मक्यावर बुरशी धरून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार झाले, तर फायटेज किंवा झायलानेज त्याचा नाश करत नाही. दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत, म्हणजे ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत, मका उन्हात वाळवावा आणि बुरशी धरलेला माल पक्ष्यांना मुळीच घालू नये.

टनभर खाद्यात 100 ग्रॅम पावडर फावड्याने सारखी मिसळत नाही. ती आधी एक किलो मक्याच्या भरड्यात, मग दहा किलोत आणि त्यानंतर संपूर्ण खाद्यात कालवावी. खाद्य गरम पाण्यात भिजवू नये व पुडी थंड, कोरड्या जागी घट्ट बंद ठेवावी, कारण उष्णता व ओलावा यांमुळे विकराची शक्ती घटते.

एकदम सगळ्या पक्ष्यांना हे खाद्य सुरू करण्याऐवजी एकाच दिवशी उबलेल्या पिल्लांचे पन्नास-पन्नासचे दोन गट करावेत आणि एकालाच विकरयुक्त खाद्य द्यावे. दर आठवड्याला एका ठरलेल्या वेळी दोन्ही गटांचे वजन आणि संपलेले खाद्य वहीत लिहावे. पाच आठवड्यांत एक लावा साधारण अर्धा किलो खाद्य खातो, त्यामुळे ही चाचणी पन्नास किलो खाद्यात होते, आणि किलोभर वजनवाढीला किती खाद्य लागले, हे ताडून पुढच्या खेपेला विकर घ्यायचे की नाही, ते ठरवता येते.