झोपेत लघवी होणाऱ्या मुलासाठी अ‍ॅक्युपंक्चर घेण्यापूर्वी

पाच वर्षांच्या साधारण 15 टक्के मुलांचे अंथरूण रात्री ओले होते आणि पुढे दरवर्षी त्यांतली सुमारे 15 टक्के मुले कोणत्याही उपचाराविना कोरडी राहू लागतात. म्हणून पाच वर्षांच्या आतील मुलाला अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेण्याची घाई करू नये.

त्यानंतरही त्रास राहिला, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून लघवीची तपासणी करून घ्यावी. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याला फार तहान लागत असेल, वजन घटत असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा ते जोराने घोरत असेल, तर हे दाखवणे लांबवू नये. बद्धकोष्ठाकडे तर बहुतेक घरांत दुर्लक्षच होते. मलाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, त्यामुळे पोट नियमित साफ होऊ लागल्यावर काही मुलांचे अंथरूण आपोआप कोरडे राहते.

अ‍ॅक्युपंक्चर ज्यातून आले त्या चिनी वैद्यकात या तक्रारीचे कारण बहुधा ‘मूत्रपिंडाचे यांग’ (ऊब व चालना देणारी शक्ती) कमी पडणे हे सांगितले जाते. हे ऐकून आईवडील धास्तावतात. परंतु त्या शास्त्रातील मूत्रपिंड ही शरीराच्या ऊर्जेविषयीची एक कल्पना आहे, मुलाची किडनी बिघडली असा तिचा अर्थ नव्हे. उपचारासाठी बेंबीखालचा ग्वानयुआन, पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूस चार बोटे वर असलेला सानयिनज्याव आणि कमरेवरचे काही बिंदू निवडले जातात. ओटीपोटावर सुई लावण्याआधी मुलाने लघवी करून यावे, हे विसरू नये. या उपचाराने काही मुलांना फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, पण त्यांचा दर्जा कमजोर असल्याने माझ्या मते हा पूरक उपाय मानावा. लघवीचा थेंब पडताच वाजणारा अलार्म आणि डॉक्टरांनी दिलेले डेस्मोप्रेसिन (रात्री लघवी कमी तयार होऊ देणारे औषध) यांचा आधार त्याहून भक्कम आहे. सुया सुरू केल्या म्हणून हे औषध परस्पर बंद करू नये.

पुण्यात उपचारक निवडताना त्याची नोंदणी विचारावी, कारण महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, पाकीट आपल्यासमोर फोडले जावे. मूल घाबरले तर त्याला धरून बसवू नये. बोटाने दाब देणे किंवा लेझर वापरणे शक्य आहे का, ते विचारावे. काही उपचारक सुयांसोबत जळत्या वनस्पतीचा शेकही देतात; तो देताना मुलाची नाजूक त्वचा भाजू शकते. चिनी काढे आणि गोळ्या मुलांना देऊच नयेत, असे मी आग्रहाने सांगेन: त्यांत जड धातू किंवा मूत्रपिंडाला घातक वनस्पती सापडल्याची उदाहरणे आहेत.

उपचाराआधी दोन आठवडे रोजच्या ओल्या-कोरड्या रात्री वहीत लिहाव्यात आणि पुढेही लिहीत राहावे. जुलै-ऑगस्टच्या पावसात गादी दोन-दोन दिवस वाळत नाही, घरात चिडचिड वाढते, आणि तो राग मुलावर निघतो; गादीवर मेणकापड घालावे, चादर बदलायला मुलाला सोबत घ्यावे, मात्र भावंडांसमोर किंवा पाहुण्यांसमोर हा विषय काढू नये. दोन महिन्यांनी वही उघडून ओल्या रात्री मोजाव्यात. त्या कमी झाल्या नसतील, तर सुया थांबवून पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे जावे.