सर्कलचं सिम्युलेशन चालवण्याआधी काय काय हाताशी हवं

सर्कलवरची वाहतूक संगणकावर हुबेहूब चालवून बघायची, तर सॉफ्टवेअर नंतर उघडा, आधी मोजणी उरका. चार रस्त्यांच्या सर्कलला यू-टर्न धरून सोळा प्रवाह (कोणत्या रस्त्यावरून कोणत्या रस्त्यावर) असतात आणि प्रत्येकाचा आकडा लागतो. जवळच्या गच्चीवरून सकाळ-संध्याकाळच्या गर्दीचा दोन-दोन तास व्हिडिओ घ्या. दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक वेगवेगळे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात लिहा. फक्त सर्कलच्या तोंडाशी मोजलंत, तर आत शिरू शकलेलीच वाहनं मिळतात, अडकलेली मागेच राहतात. मग मॉडेलमध्ये रांगच दिसत नाही आणि बैठकीत सगळे खूश! म्हणून आवक रांगेच्या शेपटामागे मोजा आणि रांगेची लांबी दर पाच मिनिटांनी टिपा.

सुमो हे वाहतुकीच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते उतरवता येतात, पण लेन, बेटाचा व्यास आणि तोंडाची रुंदी जागेवर टेप लावूनच भरा. डाव्या बाजूच्या वाहतुकीचा पर्याय विसरलात तर गाड्या उजवीकडून धावतील. जोडरस्ते सर्वांत लांब रांगेच्या निदान दीडपट ठेवा. आखूड असले की गाड्या नकाशाबाहेर ताटकळतात आणि तो विलंब प्रवासाच्या विलंबात धरला जात नाही, वेगळा बघावा लागतो.

सबलेन मॉडेल, म्हणजे एकाच लेनमध्ये वाहनं शेजारी-शेजारी चालू देणारी सोय, चालू करा, नाहीतर एकेक दुचाकी अख्खी लेन अडवते. गाड्यांमधलं अंतर मुळात अडीच मीटर धरलेलं असतं. आपल्याकडे रांगेत एवढं कोण सोडतं? व्हिडिओवरून कमी करा. आतल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, हे मॉडेल इमानदारीने पाळतं, रस्त्यावर लोक घुसतात. तेही व्हिडिओत बघून आकड्यात बसवा.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे 300 सेकंद अडकलेली गाडी सुमो उचलून पुढच्या रस्त्यावर ठेवतं. सर्कल पूर्ण तुंबलं तरी निकाल बरा दिसतो. ही सोय (time-to-teleport) -1 देऊन बंद करा.

मग आजची स्थिती जुळवा. जीईएच, म्हणजे मोजलेला आणि मॉडेलमधला तासाचा आकडा किती जुळतो हे सांगणारा निर्देशांक, किमान 85 टक्के प्रवाहांत 5 च्या खाली हवा. तासाला प्रत्यक्ष 400 आणि मॉडेलमध्ये 500 वाहनं आली तर तो 4.7 येतो, म्हणजे चाळणी तशी ढिलीच. त्यामुळे रांगाही जुळायला हव्यात. सिम्युलेशनची पहिली पंधरा मिनिटं सोडून द्या आणि वेगवेगळे दहा सीड (यादृच्छिकतेचे सुरुवातीचे आकडे) देऊन चालवा. त्यानंतरच तोंड रुंद करणं, बसथांबा मागे नेणं, गर्दीच्या रस्त्याला सिग्नल देणं, असा एका वेळी एकच बदल करून बघा. विलंब प्रत्येक रस्त्याचा स्वतंत्र बघा. सरासरी सुधारते तेव्हा एखाद्या रस्त्याची रांग दुप्पट झालेली असू शकते.