पावसाळ्यातली दगडी आणि कपाटात उरलेली बाटली

पाऊस लागला की गोठा वाळत नाही. जनावर ओल्या शेणात बसतं, आणि धार काढल्यावर निदान अर्धा तास तरी सडाचं तोंड नीट मिटलेलं नसतं. जंतूंना आत शिरायला तेवढा वेळ पुरतो. म्हणूनच या दिवसांत दगडी, म्हणजे कासदाह, वाढतो. दुधात गुठळ्या दिसल्या, कास गरम लागली, की हात आधी जातो तो मागच्या वेळी उरलेल्या अँटिबायोटिकच्या बाटलीकडे. तिथेच थांबा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

औषध जंतूला काही शिकवत नाही, ते फक्त निवड करतं. सुजलेल्या कासेत जंतू कोट्यवधी असतात. परिस्थिती अनुकूल असेल तर काही जाती 20 मिनिटांत दुप्पट होतात. दर वेळी जनुकांची नक्कल उतरते आणि क्वचित तीत चूक राहते. अशाच एखाद्या चुकीमुळे एखादा जंतू औषध सोसू लागतो. एरवी तो गर्दीत दिसतही नाही. पण अर्धामुर्धा डोस पडला की बाकीचे मरतात, तो तगतो आणि मोकळी जागा त्याचीच पिलावळ भरून काढते. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की तण दाद देईनासं होतं, तसंच हे.

काही जंतू औषध तोडणारं विकर तयार करतात. पेनिसिलीन तोडणारं विकर 1940 सालीच, ते औषध सर्रास मिळू लागण्याआधी, नोंदलं गेलं होतं. काही जंतू आत आलेलं औषध पंपासारखं उपसून बाहेर टाकतात. पण मला खरी धास्ती वाटते ती देवाणघेवाणीची. प्लाझमिड नावाचं डीएनएचं छोटं कडं एक जंतू दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं औषध. त्याला निष्प्रभ करणारं जनुक अशाच कड्यावर बसलेलं चीनमध्ये आढळलं, डुकरांत आणि रुग्णांतही. ही गोष्ट 2015 सालची. गोठ्यातला जंतू गोठ्यातच राहील, असं धरून चालता येत नाही.

तेव्हा औषध सुरू करण्याआधी दुधाचा नमुना घ्या. सड स्वच्छ पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत. कोणतं औषध लागू पडेल ते संवेदनशीलता चाचणीतून कळतं. जनावराला ताप असेल किंवा त्याने चारा सोडला असेल तर मात्र अहवालासाठी थांबू नका. नमुना ठेवून पशुवैद्यकांना लगेच बोलवा. डोस वजनावर ठरतो आणि दिवस तेच ठरवतील. गुठळ्या गेल्या म्हणून दुसऱ्याच दिवशी मनाने बंद करू नका. प्रत्येक सौम्य दगडीला अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. लाळ्या-खुरकूत तर विषाणूचा आजार, त्या विषाणूवर ते चालतच नाही.

धार काढून झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि लगेच चारा टाका, म्हणजे जनावर उभं राहील. आजारी जनावराची धार सगळ्यांत शेवटी काढा. औषध चालू असताना आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध विकायचं नाही, घरात वापरायचं नाही. ते वासरांनाही पाजू नका: त्यातल्या औषधाच्या अंशाने वासराच्या आतड्यात नेमके दाद न देणारे जंतूच फोफावतात, आणि तेच पुढे त्याच्या शेणातून गोठाभर होतात.