सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम: विमान कंपनीचं स्टेटस कसं मिळतं आणि त्याचा खरा उपयोग कधी होतो

आमच्या ऑफिसात गेल्या महिन्यात एक मुलगी पहिल्यांदा सिंगापूरला निघाली, वर्षभराचा प्रोजेक्ट, दर महिना-दीड महिन्याने जाणं-येणं. मी तिला विचारलं फ्रिक्वेंट फ्लायर नंबर, म्हणजे विमान कंपनीकडच्या तुझ्या माइल्सच्या खात्याचा नंबर, टाकलास का तिकिटात, तर म्हणे ते काय असतं, क्रेडिट कार्डवर मिळतात तेच पॉइंट ना? नाही गं. ते वेगळं, हे वेगळं. तिला कॅन्टीनमध्ये बसून जे सगळं सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण मला स्वतःला हे कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं आणि माझी चार-पाच वर्षांची उड्डाणं पाच वेगवेगळ्या खात्यांत विखरून वाया गेली.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. प्रत्येक कंपनीच्या प्रोग्राममध्ये तुमचे दोन मीटर चालू असतात. एक मीटर खर्च करायच्या माइल्सचा, त्यातून फुकट तिकीट किंवा अपग्रेड घेता येतं. दुसरा मीटर स्टेटसचा, कुणी त्याला टियर पॉइंट म्हणतं, कुणी एलिट माइल्स, कतारवाले क्यूपॉइंट म्हणतात. हा दुसरा मीटर खर्च होत नाही, तो फक्त मोजला जातो, आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेला आकडा गाठला की तुम्ही सिल्व्हर, गोल्ड वगैरे होता, मुदत संपली की परत शून्यापासून. क्रेडिट कार्डाचे पॉइंट एअरलाइनकडे ट्रान्सफर केले की ते सहसा पहिल्या मीटरमध्ये जातात, दुसऱ्यात नाही. बँकेतून लाखभर माइल्स हलवले आणि तरी मी गोल्ड का नाही असं विचारणारे लोक मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. अमेरिकेत थोडं वेगळं आहे, अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीच्या एअॅडव्हान्टेज प्रोग्राममध्ये त्यांच्या कार्डवरचा खर्चसुद्धा स्टेटससाठी धरतात, तिथे सगळ्यात खालच्या गोल्डला ४०,००० लॉयल्टी पॉइंट लागतात आणि एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमला २,००,०००. पण भारतात बसून तो हिशोब डोक्यात घेऊ नका.

हा सगळा प्रकार सुरूही तिथेच झाला. १९७८ साली अमेरिकन सरकारने विमान कंपन्यांवरची भाडं आणि रूट ठरवायची बंधनं काढली, कंपन्यांत जोरदार स्पर्धा लागली, मग गिऱ्हाईक धरून ठेवायला काहीतरी हवं म्हणून १ मे १९८१ ला एअॅडव्हान्टेज आलं आणि बाकीच्यांनी मागोमाग तेच केलं. सुरुवातीला जितकं अंतर उडाल तितके माइल्स असा साधा हिशोब होता. आता बऱ्याच ठिकाणी तुम्ही किती पैसे दिले ते बघतात, डेल्टाने तर २०२४ पासून स्टेटससाठी फक्त खर्च धरायला सुरुवात केली, सिल्व्हरला ५,००० डॉलर आणि सगळ्यात वरच्या डायमंडला २८,०००. त्यामुळे "मी खूप फिरते" एवढ्यावर भागत नाही, कुठल्या कंपनीचा मीटर कशावर पळतो ते आधी बघायचं.

आता एक उदाहरण आकड्यांत, म्हणजे कळेल. सिंगापूर एअरलाइन्सचं क्रिसफ्लायर घ्या. बारा महिन्यांत २५,००० एलिट माइल्स केले की एलिट सिल्व्हर, ५०,००० केले की एलिट गोल्ड. मुंबई ते सिंगापूर साधारण २,४०० मैल, जाऊन-येऊन ४,८००. पूर्ण माइल्स देणारं इकॉनॉमी तिकीट असेल तर सिल्व्हरला सहा फेऱ्या आणि गोल्डला अकरा. पण सगळ्यात स्वस्त इकॉनॉमी लाइट घेतलं तर अंतराच्या निम्मेच माइल्स मिळतात, म्हणजे सिल्व्हरलाच अकरा फेऱ्या आणि गोल्डला एकवीस! तेच विमान, कदाचित तीच रांग, फरक फक्त तिकिटाच्या प्रकाराचा. म्हणून तिकीट काढताना फेअर क्लासचं अक्षर बघायची सवय लावा, ई-तिकिटावर वाय, एम, क्यू असं एक अक्षर छापलेलं असतं, त्यावरच किती टक्के माइल्स मिळणार ते ठरतं. दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जमा करणार असाल तर काही स्वस्त अक्षरांवर चक्क शून्य मिळतं, त्या प्रोग्रामच्या साइटवर कंपनीप्रमाणे तक्ता असतो तो बघा.

दुसऱ्या कंपनीच्या खात्यात कसं काय, तर अलायन्स, म्हणजे विमान कंपन्यांचे गट. इथेच खरी गंमत आहे आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. जगात तीन मोठे गट आहेत: स्टार अलायन्स १९९७ चा, वनवर्ल्ड १९९९ चा आणि स्कायटीम २००० चा. एअर इंडिया ११ जुलै २०१४ ला स्टारमध्ये आली, त्याच गटात सिंगापूर, लुफ्तान्सा, युनायटेड, टर्किश, एअर कॅनडा वगैरे. कतार आणि ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्डमध्ये. एअर फ्रान्स-केएलएम आणि डेल्टा स्कायटीममध्ये. एमिरेट्स कुणातच नाही, इंडिगोही नाही. गटातल्या कुठल्याही कंपनीने उडा, माइल्स गटातल्या तुमच्या एकाच खात्यात टाकता येतात. म्हणजे नेवार्कला युनायटेडने गेलात, फ्रँकफर्टला लुफ्तान्साने आणि दिल्लीला एअर इंडियाने, तरी तिन्ही वेळा एकच नंबर द्यायचा. लोक काय करतात, ज्या विमानात बसतील त्या कंपनीचं नवीन खातं उघडतात आणि कुठलंच भरत नाही.

आणि स्टेटससुद्धा गटात चालतं. स्टारमधल्या तुमच्या कंपनीचं गोल्ड झालं की ते स्टार गोल्डमध्ये बदलतं, एअर इंडियाच्या महाराजा क्लबचं गोल्ड, क्रिसफ्लायरचं एलिट गोल्ड, लुफ्तान्साचं सेनेटर हे सगळे स्टार गोल्डच. वनवर्ल्डमध्ये रुबी, सफायर, एमराल्ड अशा तीन पायऱ्या, कतारचं सिल्व्हर म्हणजे रुबी, गोल्ड म्हणजे सफायर, प्लॅटिनम म्हणजे एमराल्ड. बोर्डिंग पासवर स्टार गोल्ड छापलेलं आहे ना ते चेक-इनलाच बघून घ्या, नसेल तर तिथेच सांगा, पुढे लाउंजच्या दारात वाद घालण्यात अर्थ नसतो.

मिळतं काय ते सांगते. स्टार सिल्व्हरला जवळजवळ काही नाही, गटातल्या इतर कंपन्यांकडे वेटलिस्टमध्ये थोडं पुढे, इतकंच. खरी उडी सिल्व्हर ते गोल्डमध्ये आहे. गोल्डला बिझनेसच्या काउंटरवर चेक-इन, बोर्डिंग आधी, बॅगा बेल्टवर आधी (हे प्रत्यक्षात कधी होतं कधी नाही), लाउंज एका पाहुण्यासकट, आणि जिथे बॅगा नगावर मोजतात तिथे एक जास्तीची बॅग, जिथे वजनावर मोजतात तिथे २० किलो जास्त. ही बॅग आपल्या लोकांसाठी सोनं आहे, अक्षरशः! माझी बहीण न्यू जर्सीला, आई-बाबा दर दोन वर्षांनी जातात, आणि भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, बाळंतपणाच्या वेळी डिंकाचे लाडू, हे २३ किलोच्या बॅगेत कधी बसलंय का? मी बरोबर असले की माझी तिसरी बॅग आईच्या ताब्यात असते. पण लक्षात ठेवा, जास्तीची बॅग ज्याचं स्टेटस त्यालाच, पीएनआर एक असला म्हणून घरातल्या सगळ्यांना मिळत नाही. लाउंजमध्येही पाहुणा एकच आणि तोही तुमच्याच फ्लाइटचा, त्यामुळे चौघांचं कुटुंब असेल तर दोघं बाहेर. आधीच ठरवून ठेवा, आमच्याकडे मी बाहेर बसते आणि आई-बाबांना आत पाठवायला बघते, तर ते चालत नाही, कार्डवाला आत असावाच लागतो, मग बाबा म्हणतात तुम्ही दोघी जा.

काही खाचखळगे. फायदा विमान कोण उडवतंय त्यावर असतो, तिकिटावर नंबर कोणाचा आहे त्यावर नाही. कोडशेअर असेल, तिकीट गटातल्या कंपनीचं पण विमान गटाबाहेरच्या कंपनीचं, तर स्टार गोल्ड तिथे चालत नाही. एअर इंडिया एक्स्प्रेस ही एअर इंडियाचीच असली तरी स्टारची सदस्य नाही, हे कोकणात-गोव्यात सुट्टीला जाताना लोकांना चेक-इनला कळतं. युनायटेडचं स्वतःचं गोल्ड असेल तर अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना युनायटेडच्या क्लबमध्ये, म्हणजे त्यांच्या लाउंजमध्ये, त्यावर प्रवेश नाही, पण तुमचं गोल्ड गटातल्या दुसऱ्या कंपनीचं असेल तर आहे. म्हणून अमेरिकेत राहून सतत युनायटेडने फिरणारे काही लोक मुद्दाम दुसऱ्या देशातल्या प्रोग्राममध्ये माइल्स टाकतात. आणि सिंगापूरच्या चांगी विमानतळावर क्रिसफ्लायर गोल्डला मोठ्या सिल्व्हरक्रिस लाउंजमध्ये नाही, वेगळ्या गोल्ड लाउंजमध्ये पाठवतात, तिथे गोंधळू नका.

फुकट बिझनेस क्लास हा सगळ्यात मोठा गैरसमज. अमेरिकन कंपन्या देशांतर्गत फ्लाइटवर स्टेटसवाल्यांना रिकाम्या सीट देतात हे खरं, पण आपल्या भागातल्या लांबच्या फ्लाइटवर तसं गृहीत धरू नका. माइल्स देऊन अपग्रेड करता येतं, किंवा इकॉनॉमी जास्त विकली गेली असेल तर वर उचलताना स्टेटसवाल्यांचा नंबर सहसा आधी लागतो, पण त्या भरवशावर कोणी प्रवास करू नये.

मला विचाराल तर स्टेटसची खरी किंमत लाउंजमधल्या पोह्यात नाही, ती सगळं बिघडतं त्या दिवशी कळते. तीन हिवाळ्यांपूर्वी मी आई-बाबांना घेऊन येत होते, युरोपात विमान बदलायचं होतं, बर्फामुळे पहिलं विमान उशिरा आणि पुढचं निघून गेलेलं, काउंटरसमोर दीडेकशे माणसांची रांग, बाबांच्या गुडघ्यांना उभं राहवत नव्हतं. मी कार्डच्या मागचा नंबर लावला, ती लाइन गोल्डवाल्यांची वेगळी असते, दहा मिनिटांत तिघांचंही दुसऱ्या शहरावरून मुंबईचं तिकीट झालं कारण तिघं एकाच पीएनआरवर होतो. रांगेतली काही मंडळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघाली असं नंतर कळलं. तेव्हापासून घरच्यांबरोबर जाताना तिकिटं मी वेगवेगळी काढतच नाही, शंभर-दोनशे रुपये वाचत असले तरी.

आता प्रत्यक्ष करायचं काय. पुढच्या वर्षभरात तुम्ही कुठे कुठे जाणार ते कागदावर लिहा, त्या रूटवर कुठल्या गटाची विमानं तुम्हाला सोयीची पडतात ते बघा, आणि त्या गटातला एकच प्रोग्राम निवडा. दुबईला महिन्यातून एकदा जाणाऱ्याला एमिरेट्सचं स्कायवर्ड्स बरं पडू शकतं, तिथे २५,००० टियर माइल्स किंवा २५ फ्लाइट्सवर सिल्व्हर होतं, कमी अंतराच्या बऱ्याच फेऱ्या असतील तर हा फ्लाइट मोजणारा नियम कामाला येतो, आणि सिल्व्हरलाच दुबईत लाउंज मिळतं. पण अलायन्स नाही, हे धरून चालायचं. वर्षातून एकदाच अमेरिकेला जात असाल तर स्टेटसच्या मागे लागूच नका, खातं उघडा, माइल्स साठवा आणि सोडून द्या. स्टेटससाठी नको असलेली फ्लाइट विकत घेणं किंवा दहा हजार जास्त देऊन तीच कंपनी धरणं, हे मी दोनदा केलंय आणि दोन्ही वेळा हिशोब तोट्यात गेला.

वर्ष कसं मोजतात तेही बघा. कुठे जानेवारी ते डिसेंबर, कुठे तुम्ही खातं उघडलं तिथून बारा महिने, कुठे सरकते बारा महिने, म्हणजे कधीही बघा, मागचे बारा महिने. डेल्टाचं उदाहरण घ्या, २०२५ च्या मार्चमध्ये स्टेटस मिळालं काय आणि डिसेंबरात मिळालं काय, संपणार ३१ जानेवारी २०२७ लाच. मग लवकर मिळवलेलं बरं नाही का.

कंपनी बंद पडली किंवा विलीन झाली तर? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, जेटप्रिव्हिलेजचं इंटरमाइल्स झालं, पॉइंट राहिले पण विमानच नाही तर प्लॅटिनम कार्डचं करणार काय. अशा वेळी इतर कंपन्या स्टेटस मॅच देतात, म्हणजे तुमचं जुनं कार्ड आणि उड्डाणांचा पुरावा दाखवून तसंच स्टेटस काही महिने मिळतं, बरेचदा प्रत्येक कंपनीकडे एकदाच. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली तेव्हा क्लब विस्ताराची खाती एअर इंडियाकडे आली, आणि विस्तारा कुठल्याच अलायन्समध्ये नव्हती त्यामुळे काहींना तर पहिल्यांदाच स्टारचं दार उघडलं. स्टेटस चालू असताना खात्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कार्ड गेल्यावर तो मिळत नाही.

शेवटचं, आणि बायकांनो हे नीट वाचा. खात्यातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत एक पाहिजे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललं, कधी पासपोर्टमध्ये मधलं नाव पहिल्या नावालाच चिकटवलेलं, आणि सिस्टीमला यातलं काही कळत नाही, माइल्स जमाच होत नाहीत. लग्नानंतर माझा पासपोर्ट नवीन नावाचा, खातं माहेरच्या नावाचं, तीन फेऱ्या गायब. मॅरेज सर्टिफिकेट पाठवून एक मिळाली, दोनची क्लेम करायची मुदत निघून गेली होती, ती बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभर असते. म्हणून माइल्स जमा झालेले दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका, फोटो काढून ठेवा, आणि ई-तिकिटावरचा तेरा आकडी नंबर जपा, एअर इंडियाचा ०९८ ने सुरू होतो, सिंगापूरचा ६१८ ने, एमिरेट्सचा १७६ ने, क्लेमच्या फॉर्ममध्ये तोच मागतात. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने तिकीट काढलं असेल तर ते तुमचा नंबर टाकतीलच असं नाही, पीएनआर आला की साइटवर जाऊन स्वतः टाका, माइल्स सहसा बसणाऱ्याचे असतात, पैसे भरणाऱ्याचे नाही.

आणि आई-बाबांचीही खाती आत्ताच उघडा, त्यांच्या पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. एमिरेट्स, कतार, ब्रिटिश एअरवेज यांच्याकडे घरच्यांचे माइल्स एकत्र करता येतात, त्यांची एक अमेरिका किंवा लंडन वारी आणि तुमच्या दोन-तीन, असं मिळून त्यांच्याच पुढच्या तिकिटाला कामाला येतं. आमच्या बाबांचं खातं मी गेल्या दिवाळीत उघडलं, पासवर्ड आईच्या डायरीत शेवटच्या पानावर लिहिलाय.