रिकाम्या फायबरची तपासणी: ओटीडीआरवरचं अंतर रस्त्यावर कसं शोधायचं

"चालू फायबर ठणठणीत आहेत ना, मग रिकाम्यांना काय धाड भरलीय?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही. चालू कोअर, म्हणजे ऑप्टिकल केबलमधला एकेक फायबर, तुटला तर दहा मिनिटांत फोन खणखणतो. रिकामा कोअर तुटला तर कुणी हूं की चूं करत नाही. तो समजतो थेट नवीन लाइन टाकायच्या दिवशी. म्हणून त्यालाही ओटीडीआर लावायचा: हे यंत्र फायबरात प्रकाशाचा ठोका (पल्स) सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडावरून, किती अंतरावर किती प्रकाश घटला (तोटा) याचा आलेख, म्हणजे ट्रेस, काढतं.

केबलच्या आत फायबर छोट्या नळ्यांत (ट्यूब) भरलेले असतात. प्रत्येक ट्यूबमधला निदान एक रिकामा कोअर निवडा. तो खरंच रिकामा आहे का, हे प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावून बघा. रजिस्टरवर विश्वास ठेवू नका, मधल्या काळात कुणीतरी त्यावर कॅमेरा चढवलेला असतो. कनेक्टर पुसा. यंत्र आणि लाइन यांच्यामध्ये पाचशे मीटर ते एक किलोमीटर फायबरचं वेटोळं, म्हणजे लाँच केबल, लावा, नाहीतर पहिलाच कनेक्टर नीट दिसत नाही. लाल लेझर पेनचा उजेड पलीकडे पोचला म्हणजे झाली तपासणी, असं सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

ट्रेस १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर घ्या. तोटा दोन्हींवर साधारण सारखा असेल तर बहुधा जॉइंटचं दुखणं. १३१० वर किरकोळ आणि १५५० वर ठळक असेल तर फायबर कुठेतरी वाकलाय किंवा दबलाय. पल्सची लांबी शेवटचं टोक स्वच्छ दिसेल इतकीच ठेवा. १०० नॅनोसेकंदांची पल्स ट्रेसवर सुमारे दहा मीटर पसरते, तेवढ्यात दोन दोष असले तर एकच दिसणार. केबल टाकल्या दिवशीचा ट्रेस जपून ठेवा आणि दर तपासणीत नवा ट्रेस त्याच्यावर ठेवून बघा. मी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा करतो.

आता खरी मेख. ओटीडीआरने ८.६४० किलोमीटरवर दोष दाखवला. मी गाडीच्या मीटरवर तेवढं मोजलं, जेसीबी बोलावला, दोन खड्डे घेतले. केबल धडधाकट! दोष दोनशे मीटर मागे, एका नव्या गटाराच्या स्लॅबखाली चेपलेला. दिवसभराचं भाडं माझ्या नावावर लागलं ते वेगळंच.

यंत्र खोटं बोलत नव्हतं, फक्त ते फायबरची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. केबलच्या आत फायबर पीळ घेऊन जातो, म्हणून तो केबलपेक्षा लांब भरतो. त्या केबलचा फरक एक टक्का होता, म्हणजे इथेच पंच्याऐंशी मीटर गेले. वाटेत चार जॉइंट आणि प्रत्येक जॉइंटच्या चेंबरमध्ये (जमिनीतल्या झाकणाच्या खड्ड्यात) दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर जादा केबलचा लूप गुंडाळलेला, ते झाले एकशे वीस. फायबरात प्रकाश किती हळू चालतो ते सांगणारा अपवर्तनांक यंत्रात चुकीचा भरला तर वेगळीच गंमत: १.४६८० ऐवजी १.४६०० ठेवला की एवढ्या अंतरावर सुमारे सत्तेचाळीस मीटरांचा घोळ. तो आकडा केबलच्या कागदावर असतो, अंदाजाने टाकू नका.

म्हणून टोकापासून मोजायचंच नाही. दोषाच्या अलीकडचा ओळखीचा जॉइंट धरा. माझ्या ट्रेसवर चौथा जॉइंट ८.१२० ला होता. दोषापर्यंत उरले ५२० मीटर. त्यातून पिळाचे पाच वजा करा, त्या बाजूच्या लूपचे पंधरा वजा करा. राहिले पाचशे. चेंबरचं झाकण उघडा, लूप खरंच किती आहे ते डोळ्यांनी बघा, आणि केबल गेली असेल त्या वाटेने चाक फिरवत पाचशे मीटर चाला. चूक झालीच तर थोड्या मीटरांची होते. मग दुसऱ्या टोकाकडूनही ट्रेस घ्या आणि तिकडच्या जवळच्या जॉइंटपासून असंच मोजा. दोन्ही खुणा जुळल्याशिवाय मी हल्ली कुदळसुद्धा उचलू देत नाही.

एखाद्या जॉइंटवर तोट्याऐवजी वाढ दिसली तर प्रकाश आपोआप वाढला नाही. दोन वेगळ्या जातीचे फायबर जोडलेत. दोन्ही टोकांच्या आकड्यांची सरासरी काढा, तोच खरा तोटा.

दुरुस्तीनंतर नवा ट्रेस घ्या, नव्या लूपची लांबी मोजून नकाशावर लिहा. खड्डा बुजवायच्या आधी.