चोरटी नायिका, २४ पानं: सुपरहिरो चित्रकादंबरी कशी करावी

चोरी करणारी नायिका लिहायला घेतली की पहिला मोह होतो तो तिला पवित्र करून टाकायचा. सावकाराची तिजोरी फोडते, गोरगरिबांना वाटते, स्वतःसाठी दमडी ठेवत नाही. तिथंच तिच्यातली चोर संपते आणि साधी नायिका उरते. छोट्या पुस्तकात वाचक तिच्या बाजूला येतो तो तिच्या कसबामुळं. म्हणून चोरी नेमकी कशी झाली, हे चौकटींतून कळलंच पाहिजे. पुढची कृती एका चोरीच्या, २४ पानी पुस्तकाची आहे. उदाहरणाला कोल्हापूरची एक नायिका घेऊ आणि तिला नाव देऊ ‘घोरपड’.

१. शक्ती एकच, आणि अडचणही तिच्यातूनच

घोरपडीची पकड: हात लावला की भिंतीला चिकटतो. पण पकड सुटायला वीस श्वास जातात, आणि हातात घेतलेली वस्तूही तेवढा वेळ सोडता येत नाही. ओल्या दगडावर पकड अर्धीच लागते. एवढ्या नियमांवर अख्खी गोष्ट उभी राहते. कथा अडली की दुसरी शक्ती जोडायची सवय मात्र घातक आहे, कारण मग वाचकाला धोका खरा वाटत नाही.

आता तिचा गुन्हा ठरवा. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका सावकाराकडं गहाण पडलेला कोल्हापुरी साज ती मोबदला घेऊन परत आणून देते. तिजोरीतलं बाकीचं सोनं स्वतः ठेवते. सकाळी रात्रपाळीच्या राखणदाराची नोकरी जाते, आणि तिला ते माहीत असतं. हे शेवटच्या तीन पानांत दाखवायचं, पण तिच्या तोंडी माफी घालायची नाही.

२. रूप

काळा घट्ट पोशाख आणि मांजराची छाप ही बॅटमनच्या कथांतल्या चोर कॅटवुमनची वाट आहे, आणि ही व्यक्तिरेखा १९४० पासून आहे. आपल्याकडं पावसाळ्यात डोक्यावरून घेतलेली घोंगडीची खोळ आहे: टोकदार डोकं, रुंद खांदे, खाली मोकळे पाय. आकृती दोन सेंटिमीटर उंचीची काढून पूर्ण काळी भरा. तरीही ओळखू आली तर रूप जमलं. नाही आली तर तपशील वाढवू नका, बाह्यरेषा बदला. चप्पल नको, ती अनवाणीच चढेल. हात सतत दिसणार आहेत, म्हणून पकडीच्या दहा-पंधरा अवस्था आधीच काढून ठेवा. चेहऱ्यापेक्षा या पुस्तकात हात जास्त बोलतात.

३. चोरीचा नकाशा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. कागदावर दुकानाचा वरून दिसणारा आराखडा काढा: दार, तिजोरी, जिना, माडीची खिडकी, राखणदाराची खुर्ची, गल्लीतला दिवा. गुजरीत संध्याकाळी आणि दुकानं बंद झाल्यावर अशा दोन्ही वेळी फिरून फोटो घ्या. पाट्यांवरची खरी नावं मात्र बदला, नाहीतर तुमचा सावकार एखाद्या चालू दुकानाचा मालक ठरेल.

नियम असा: चोरीत जे उपयोगी पडणार, ते वाचकाने किमान तीन-चार पानं आधी पाहिलेलं असावं. खिडकीचा सैल गज सतराव्या पानावर पहिल्यांदा दिसला तर ती लबाडी वाटते. प्रत्येक मोठ्या चौकटीत एक खूण कायम ठेवा, जसं भिंतीवरचं घड्याळ. ते एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं गेलं की कोण कुठं उभं आहे हेच कळेनासं होतं. नवख्या पुस्तकांतल्या बहुतेक चोऱ्या इथंच फसतात.

४. पानांची वाटणी

पान १ उजवीकडं येतं, म्हणजे विषम पानं उजवी. उत्कंठा विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवा आणि उलगडा पान उलटल्यावर करा.

पान १ बिनसंवादाचं: पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला. कोल्हापूरकराला पावसाचा जोर तेवढ्यानं कळतो, आणि दगड ओले आहेत हेही. २ ते ६ लहानशी चोरी, शक्ती आणि तिचा नियम. ७ ते ११ नवं काम, दुकानाची पाहणी. १२ ते १७ चोरी. १७च्या तळाशी साज हातात, पण हात तिजोरीच्या कडेला अडकलेला. १८ उघडताच दारात राखणदार. २१ पर्यंत सुटका, २२ ते २४ किंमत.

मोठं जोडचित्र १२-१३ वरच घ्या. पिन मारलेल्या २४ पानी पुस्तकात तीच दोन पानं एका सलग कागदावर येतात. इतरत्र दोन अर्धी वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात आणि मधोमध रेषा जुळत नाही.

५. चित्र

छापील आकार ए-५ असेल तर मूळ चित्र ए-४ चौकटीत काढा, कागद त्याहून मोठा घ्या आणि बाहेर ५ मिमी ब्लीड (कापण्यात जाणारी जादा किनार) सोडा. छोटं होताना रेषा ७० टक्क्यांवर येते, म्हणून ०.२ पेक्षा बारीक पेन नको. पानाला चार ते सहा चौकटी पुरेत. स्कॅन ६०० डीपीआयला करा. साज एकदा तरी पूर्ण चौकटभर दाखवा: जवमणी, मासा, कासव, सगळं वाचता येईल असं. पुढं तो लहान दिसला तरी ओळखू येतो.

६. भाषा आणि अक्षरं

कोल्हापूरची बाई ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते. घोरपडही तसंच बोलेल. मुद्रितशोधक ते ‘आले’, ‘जाते’ करून टाकतो, त्याला आधीच लेखी कळवा. पण संवादाच्या प्रत्येक फुग्यात ‘नाद खुळा’ कोंबू नका.

एका फुग्यात २० ते २५ शब्द पुरे. अक्षर ९ पॉइंट, ओळींमध्ये १३ पॉइंट. कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. ‘खट्ट’, ‘सर्रर्र’ असे आवाज हातानं काढा आणि शिरोरेषा हालचालीच्या दिशेनं वाकवा. मजकूर इंकस्केप या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडात बसवा. इतर काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते. शेवटी मजकुराच्या प्रतीचं पाथमध्ये (अक्षरांच्या आकाररेषांत) रूपांतर करून ती प्रेसला द्या आणि मूळ फाइल जपून ठेवा.

७. छपाई

आत १०० जीएसएम (कागदाची जाडी सांगणारं वजन) मॅपलिथो कागद, मुखपृष्ठ २५० जीएसएम. काळ्यासोबत फक्त साजाला पिवळा द्यायचा असेल तर आधी प्रतींचा आकडा ठरवा. ऑफसेटला दोन रंगांत प्लेटा वाचतात. पण शंभर-दोनशे प्रती डिजिटलवर काढल्या तर पिवळ्याच्या एका ठिपक्यासाठीही बहुधा रंगीत पानाचाच दर लागतो. मग पिवळा तीन-चार पानांपुरता ठेवा. पूर्ण काम टाकण्याआधी पिन मारून, कापून एक डमी (नमुना प्रत) मागा आणि कटिंगमध्ये कुठला फुगा कडेला गेला आहे का ते पान पान उलटून बघा.