आजोबांची छऱ्याची बंदूक मुलांच्या हाती देण्याआधी

आमच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली एक छऱ्याची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी बंदूक कित्येक वर्षं पडून होती. आजोबांची. २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात ब्राँझ पदक मिळवलं, आणि दहा वर्षांच्या पुतणीनं विचारलं, "काका, ती माळ्यावरची चालते का?" चालत नव्हती. ती आम्ही दोघांनी मिळून चालती केली. तुमच्याकडेही अशी बंदूक असेल तर दुरुस्तीला मुलाला सोबत घेऊनच बसा. आतून कशी आहे हे एकदा पाहिलं, की मूल तिला खेळण्यासारखं हाताळत नाही.

आधी हाती काय आलंय ते ओळखा. काडतुसावर चालणारी बंदूक असेल तर हे काही करू नका. परवानाधारक वारले असतील तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारस म्हणून रीतसर अर्ज करा. हवेच्या बंदुकीचंही तपासावं लागतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर (नळीच्या आतली रुंदी) आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तरच परवाना लागत नाही. जुन्यांत ५.५ मिलिमीटरच्याही पुष्कळ असतात. ४.५ चा छरा मागच्या तोंडात अडकून न बसता सरळ नळीत घसरला, तर ती मोठ्या बोअरची समजा आणि परवान्याचं आधी बघा.

मग ती रिकामी आहे का ते पाहा. तोंड जमिनीकडे ठेवून नळी मोडा, म्हणजे सांध्यातून वाकवून उघडा, मागून डोकावून बघा, पातळ लाकडी काडी आरपार घाला. स्प्रिंग ताणलेली असेल तर छरा घालून वाळूच्या पोत्यात मारून ती मोकळी करा. रिकामा बार कधीच काढू नका. समोर छऱ्याची अडवणूक नसली की स्प्रिंगनं ढकललेला, हवा दाबणारा दट्ट्या थेट सिलिंडरवर आपटतो. हे सगळं मुलासमोर करा, आणि नंतर त्याच्याकडून करवून घ्या.

आता दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, सोडवा. बहुतेक बंदुकांत पुढे दोन्ही बाजूंना एकेक आणि चापाच्या कड्यापाशी एक-दोन स्क्रू असतात. खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर घ्या. सैल पात्यानं खाच एकदा झिजली की तो स्क्रू पुन्हा निघत नाही. सुटलेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या जागेचं चित्र काढून तिथंच ठेवायचा, हे काम पुतणीचं होतं.

सिलिंडरच्या आतली स्प्रिंग मात्र घरी काढू नका. ती मोकळी असतानाही चांगलीच दाबून बसवलेली असते आणि सुटली तर तोंडावर येते. तेवढं काम कारागिराकडे द्या.

गंजाला पॉलिश पेपर लावला तर काळा निळसर मुलामाही जातो. सर्वांत बारीक स्टील वूल शिलाई मशीनच्या तेलात भिजवून हलक्या हातानं फिरवा, मऊ फडक्यानं पुसा, पुन्हा फिरवा. आत तेल ओतायचा मोह मात्र टाळा. लहानपणी आम्ही खोबरेल घातलं होतं, त्याचा आत डिंक झाला. मशीनचं तेल जास्त झालं तर दाबल्या हवेच्या उष्णतेनं ते आत पेटतं, धूर निघतो आणि स्प्रिंगला दणका बसतो. चामड्याचं वायसर सुकलं असेल तर सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. सांध्यातलं वायसर तपासायला त्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि छरा मारा. पट्टी उडाली तर वायसर बदला.

लाकडाचं काम मला सर्वांत आवडतं. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं मळ काढला की खालच्या रेषा दिसू लागतात. जिथे खड्डा पडलाय तिथे ओला पंचा ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफेनं दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा डोळ्यांदेखत वर येतो. पुतणी त्या वाफेकडे बघत राहिली होती. लाकूड पूर्ण वाळलं की उकळलेलं जवसाचं तेल, अगदी पातळ हात. पंधरा मिनिटांनी पुसायचं, एक दिवस थांबायचं, असे तीन-चार हात. पावसाळ्यात जास्त थांबा. त्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

मुलाला दस्ता लांब पडेल, पण कापू नका. पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवला की लहान हातांनाही भार पेलतो. नळी मोठ्यांनीच मोडायची. छरा घालताना एका हातानं नळी घट्ट धरून ठेवा. नळी उघडी असताना चाप ओढला गेला तर ती फटकन मिटते आणि बोटं जातात.

निशाण १० मीटरवर लावा. स्पर्धेतलं कार्ड मिळतं, त्याचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचं आणि मधला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. सुरुवातीला त्याऐवजी बशीएवढं वर्तुळ काढलं तरी चालेल. मागे जुने कपडे ठासून भरलेलं खोकं आणि त्यामागे भिंत हवी. दगड किंवा पत्र्यावर छरा उलटा येतो. सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. छरे शिशाचे असतात, ते तोंडात धरायची जुनी सवय मुलांना लागू देऊ नका, नंतर हात साबणानं धुवायचे. पाखरांवर नेम धरायचा नाही, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा. वीस छऱ्यांनंतर हात थरथरतो, तिथे थांबा.

गोडी लागली तर रेंजवर न्या. पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात दुधाळी. तिथले प्रशिक्षक उभं राहण्यापासून नव्यानं शिकवतील, आणि तेच बरं.

आमची बंदूक आता कुलपातल्या कपाटात, स्प्रिंग मोकळी, छरे वेगळ्या डब्यात. किल्ली माझ्याकडे. पहिल्या दिवसाचं कार्ड कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय: वीस छरे, कागदाला सात भोकं, त्यातलं एक वर्तुळाच्या कडेवर.